पॅरामेशियम काही थांबेना

ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही आणि अर्थातच मेंदूही नाही, अशा पाण्यातल्या एका एकपेशीय जिवाने गेल्या सप्टेंबरात मला माझ्याच घरात पळता भुई थोडी केली. मी जन्मभर एका विमा कंपनीसाठी गारपिटीने फुटलेली छपरं तपासली. शिडी लावायची, वर चढायचं, फोटो काढायचा, खाली उतरायचं. छप्पर पळत नाही. घरमालक कितीही आरडाओरडा करो, छप्पर आपली जागा सोडत नाही. त्या धंद्याचा हाच पाया आहे आणि त्याच पायावर मी सन्मानाने निवृत्त झालो. थांबलेल्या वस्तूचा फोटो काढण्यात उत्तर मिनेसोटात ऑर्विल ट्वेटनचा हात कोणी धरणार नाही, असं मी नाही, आमचे साहेब म्हणत. पण साहेबांचाही पॅरामेशियमशी कधी संबंध आला नव्हता.

मार्डेलचा आला होता. मार्डेल म्हणजे माझी बायको. गावच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला पॅरामेशियम पाहिला तो तिच्या मायक्रोस्कोपातून, आणि उरलेल्या निम्म्यांनी ‘दिसला, दिसला’ अशी थाप मारली तीही तिच्याच धाकाने. पुढे तिच्या नजरेच्या बरोबर मध्यावर डाग धरला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं, कडेचं राहील. तेव्हापासून समोरच्याचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या कानापलीकडे बघते. नव्या माणसाला वाटतं, आपल्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

या गोष्टीची तिने कधी तक्रार केली नाही. आमच्या ल्युथरन लोकांत तक्रार करायची पद्धतच नाही. पाय मोडला तरी ‘जरा आखडलाय’ म्हणतात. पण एकदा जेवताना ती अचानक म्हणाली, “पॅरामेशियम एकदा नीट बघून ठेवायला हवा होता रे. शेवटचा बघितला तेव्हा मला माहीतच नव्हतं, की हा शेवटचा.”

एवढं बोलून तिने हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला आमचा बटाट्याचा थर, आणखी थोडं मागितलं. ते मी वाढलं.

बेत तिथेच ठरला. तिचा शाळेतला मायक्रोस्कोप तळघरात होता. त्याला कॅमेरा जोडायचा, कॅमेरा टीव्हीला जोडायचा आणि त्या मोठ्या पडद्यावर मधोमध एक पॅरामेशियम, पावाएवढा मोठा, तिच्यासमोर हजर करायचा. फक्त तो हलता कामा नये. टीव्हीच्या तळाशी सरकत जाणाऱ्या बातम्या तिला वाचता येत नसत. म्हणजे जे सरकतं ते तिला दिसत नाही, असा मी हिशेब केला. जीव थांबला, की ती हव्या त्या बाजूने, हवा तितका वेळ बघेल. आणि हे सगळं तिच्या नकळत करायचं. तळघरातला पाण्याचा पंप बिघडलाय असं मी जाहीर केलं आणि कामाला लागलो.

पहिली अडचण म्हणजे पॅरामेशियम आणायचा कुठून. आमच्याकडे तळी उदंड. बरणी घेऊन मी जवळच्या तळ्यावर गेलो, पाणी भरलं, आणि होड्या उतरवायच्या धक्क्यापाशी एका तरुण पोरीने मला अडवलं. अंगात केशरी जाकीट, हातात शिट्टी. एका तळ्यातली कीड दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून सरकार बर्फ पडेपर्यंत अशा पोरी उभ्या करतं.

“काका, बरणीत काय आहे?”

“पाणी.”

“तळ्याचं?”

“आता तळ्याजवळून चाललोय म्हणजे...”

“परत ओता.”

“अगं, यात मासा नाही, शिंपला नाही, शेवाळाचा धागा नाही. बघ, स्वच्छ आहे.”

“दिसत नाहीत तेच जास्त वाईट असतात, काका. यात जिवंत काही आहे का?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “आशा तरी तीच आहे,” मी म्हणालो.

तिने शिट्टी वाजवली नाही, एवढे तिचे उपकार. पण धक्क्यावरच्या सगळ्या होडीवाल्यांसमोर मला ती बरणी ओतायला लावली. त्यांत माझ्या हाताने छपराची भरपाई नामंजूर झालेले दोघे होते. ते अतिशय गंभीर चेहऱ्याने बघत राहिले. रीतसर परवानगी कुठे मिळते, मी विचारलं. तिने एका कचेरीचा नंबर दिला.

कचेरीतल्या बाईंचा आवाज फार गोड होता. कोणता जीव नेणार? पॅरामेशियम. किती नग? सांगता येत नाही. नेण्याचा हेतू?

“बायकोला दाखवायचाय.”

“म्हणजे प्रदर्शन,” बाई म्हणाल्या. “प्रेक्षक किती असतील?”

“एक.”

“आणि प्रदर्शन संपल्यावर त्या जिवांची विल्हेवाट कशी लावणार?”

याचा मी विचार केला नव्हता. बाईंनी मला ज्या खात्याकडे सोपवलं त्याने मत्स्य खात्याकडे सोपवलं, आणि मत्स्य खात्यातला मनुष्य म्हणाला की याला कल्ले आहेत का? नसतील तर आमचा संबंध नाही. शेवटी मी पुन्हा धक्क्यावर जाऊन त्या पोरीलाच विचारलं. ती म्हणाली, “काका, तुमच्या अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं आहे ना? त्यातलं घ्या की. तिथे मी येणार नाही.”

ही युक्ती त्या कचेरीतल्या बाईंना सुचू नये याचं मला आजही वाईट वाटतं.

पक्ष्यांच्या भांड्यातलं पाणी आणि मूठभर वाळलं गवत असं बरणीत घालून मी ती तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमागे ठेवली. काही दिवसांत तिला असा वास सुटला, की शेजारचा तोइव्हो केटुनेन मागच्या दाराने आत आला आणि टोपी काढून म्हणाला, “ऑर्विल, लेका, कोण गेलं?”

तोइव्होने जन्मभर रस्त्यावरचं बर्फ काढायचा ट्रक चालवला. समोर जे येईल ते ढकलून बाजूला करावं, हे त्याचं सगळ्याच बाबतीतलं धोरण आहे. त्याला बेत सांगावा लागला. सांगितला, तिथेच माझी चूक झाली. त्या दिवसापासून तो रोज सकाळी स्वतःचा कॉफीचा मग घेऊन तळघरात हजर राहू लागला.

एक थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि तळघरातल्या जुन्या टीव्हीवर आम्ही बघू लागलो. पडदा राखाडी. मग एका कोपऱ्यातून चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं. मग आणखी एक आलं आणि गेलं.

“हे काय होतं?” तोइव्हो म्हणाला.

“पॅरामेशियम.”

“घाईत दिसतोय.”

घाईत! ट्रकमागे कुत्रं लागावं तसे ते धावत होते. मी काच डावीकडे सरकवली की ते उजवीकडे. उजवीकडे सरकवली की मी सरकवायच्या आधीच कळल्यासारखे डावीकडे. कॅमेऱ्यात जे फोटो आले त्यांत एकेका धुरकट रेघेशिवाय काही नव्हतं. असे फोटो मी कधी कंपनीला दिले असते तर निवृत्तीच्या बऱ्याच आधी घरी बसलो असतो.

“थंडी दे,” तोइव्हो म्हणाला. “थंडीत कोण हलतं? जानेवारीत मी हलतो का?”

हे पटण्यासारखं होतं. त्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये मासे धरायच्या गळाला लावायच्या जळवा असतात, त्यांच्या शेजारी आम्ही काच ठेवली. बाहेर काढली तर तिच्यावर दव धरलं. पुसली तर खालचे महाशय खरोखरच पेंगुळलेले. मी कॅमेरा लावेपर्यंत दिव्याची ऊब लागून ते ताजेतवाने झाले आणि आधीपेक्षा दुप्पट उत्साहाने धावू लागले.

मग तोइव्होने घरून ब्रँडी आणली. “थेंबभरच. माणूस शांत होतो, मग याची काय कथा?”

मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, मला अनुभव आहे. काचेच्या कडेने थेंब सोडला. पडद्यावर ते जीव एकदम थबकले, फुगले आणि एकामागून एक फुटले. थोड्या वेळापूर्वी जिथे गर्दी होती तिथे नुसता गाळ तरंगत राहिला. जीव केवढा, त्याला मेंदूही नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तोंड कडू झालं. मार्डेलला दाखवायला म्हणून मी हे जीव पाळले होते. तोइव्होने मगातली कॉफी तशीच ठेवली आणि म्हणाला, “उरलेली ब्रँडी मी परत नेतो.” त्यानंतर तो एक दिवस आलाच नाही.

त्या एका दिवसात मी कापसाचे धागे विंचरून काचेवर पसरले. त्या कुंपणात ते अडकतील असं वाटलं होतं. अडकलेही. पण पडद्यावर ते धागे जहाजाच्या दोरखंडांएवढे दिसत होते आणि पॅरामेशियमचं फक्त शेपूट. मार्डेलने एवढी वाट बघायची ती शेपटासाठी नव्हे.

मग वाचनालयातल्या एका पुस्तकात खरा उपाय सापडला. पाणी घट्ट करायचं. मधात माशी चालते तसा तो चालायला लागतो. त्यासाठी लागणारी पूड म्हणजे भिंतीला कागद चिकटवायची जी खळ असते तीच, फक्त साधी, बुरशीचं औषध न घातलेली. मी दुकानात गेलो.

“किती खोल्या?” दुकानदाराने विचारलं.

“खोली नाही.”

“मग एक भिंत?”

“भिंतही नाही. थेंबभर हवी आहे.”

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “मार्डेलबाई कशा आहेत?” त्याने हळूच विचारलं. या गावात एखाद्याचं डोकं फिरल्याची शंका आली, की त्याच्या बायकोची चौकशी करतात.

पूड फक्त मोठ्या खोक्यात मिळते. खोक्यावर लिहिलं होतं तसं आधी गरम, मग गार पाणी घालून ढवळलं. प्रमाण भिंतींचं असल्यामुळे शेवटी सूप करायचं मोठं पातेलं लागलं. ते निवायला मी ओट्यावर ठेवलं. पांढरी, दाट, तुकतुकीत खळ. दिसायला थेट आमची साईची लापशी. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी खाली मायक्रोस्कोप पुसत बसलो होतो.

त्याच दुपारी आमच्या चर्चच्या पास्टर, ग्रेटा स्कोग्लंड, मार्डेलला भेटायला आल्या. तिची नजर गेल्यापासून त्या अधूनमधून येतात. मी वर आलो तेव्हा दोघी टेबलाशी बसल्या होत्या, मार्डेलपुढे नुसती कॉफी होती आणि पास्टरबाईंच्या पुढ्यातल्या वाडग्यात वितळलेलं लोणी होतं, साखर होती, दालचिनी होती आणि त्या सगळ्याच्या खाली माझी खळ होती.

“या ऑर्विल,” पास्टरबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचे ओठ जरा चिकटत होते. “मार्डेलच्या हातची लापशी किती दिवसांनी!”

“ऑर्विलने केलीय,” मार्डेल अभिमानाने म्हणाली. “मला न सांगता. ओट्यावर दिसली. हात लावून बघितलं, कोमटच होती. आणखी घ्या ना.”

आणि पास्टरबाईंनी आणखी घेतली.

मला ओरडायला हवं होतं. पण मार्डेलचा चेहरा असा खुलला होता की माझी जीभ टाळ्याला चिकटली. खळ न खाताच. त्या गेल्यावर मी धावत तळघरात जाऊन विषबाधेच्या मदतीचा नंबर फिरवला. तिकडचा मनुष्य शांत होता. किती खाल्लं? दोनदा घेतलं. खोक्यावर काय लिहिलंय? वाचून दाखवलं. तो म्हणाला, साधी असेल तर काळजी नाही, भरपूर पाणी प्यायला सांगा, पोट जरा जड होईल. “पण दोनदा का घेतलं?” त्याने विचारलं. मी म्हणालो, आम्ही ल्युथरन आहोत.

मग पास्टरबाईंना फोन. मी सगळं सांगितलं. “बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, नजर गेल्यापासून बिचारीला तुमच्या हातचं असलंच खावं लागतं. तिच्या मनाला लागू नये म्हणून दुसऱ्यांदा घेतली हो.”

फोन ठेवून वळलो तर जिन्यावर मार्डेल उभी. कठड्याला धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

“मी घरी आलेल्या माणसाला खळ खाऊ घातली,” ती म्हणाली.

“चूक माझी आहे. मी पातेलं...”

“वाढली मी, ऑर्विल.”

ती वर गेली. त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खायला मी पाव आणि चीज कापलं. ते तिने मुकाट्याने खाल्लं, आणि ताटली उचलायलाही उठली नाही. जन्मभर या घरातलं स्वयंपाकघर तिचं होतं, आणि माझ्या एका पातेल्याने ते तिच्या हातून काढून घेतलं होतं. छपरं तपासताना लोकांचं नुकसान मी किती सहज आकड्यात मांडत असे. याला आकडा लावता येईना.

शेवटी मीच तिच्यासमोर बसलो आणि पंप बिघडलेला नाही हे कबूल केलं.

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “गवताच्या पाण्याचा वास पहिल्याच आठवड्यात आला. माझ्या वर्गाला वर्षानुवर्षं तोच वास असायचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पंप म्हणालास. म्हटलं, बघू तरी, पंप किती दिवस दुरुस्त करतोय.” ती जराशी हसली. दोन दिवसांतलं पहिलं हसू. मग माझ्या कानापलीकडे बघत म्हणाली, “कशासाठी चाललं होतं सगळं?”

“तुला एकदा नीट बघायचा होता ना. थांबलेला.”

तिने टेबलावरचे पावाचे कण बोटांनी गोळा केले. मग म्हणाली, “खळ उरलीय का?”

“पातेलंभर.”

“मग दाखव.”

शनिवारी दुपारी मी सगळं सामान दिवाणखान्यात आणलं. पडदे ओढले. तोइव्होही आला, दाढी करून. थेंबात खळ मिसळली, वर काच ठेवली, आणि खरोखर, मोठ्या टीव्हीच्या मधोमध एक पॅरामेशियम उभा राहिला. पावाएवढा. कडेचे बारीक केस थरथरत होते, पण जागचा हलत नव्हता. पोटातले कण न् कण मोजता आले असते. असा फोटो माझ्या साहेबांनी भिंतीवर लावला असता. तोइव्हो म्हणाला, “अरे वा!” आणि माझा ऊर भरून आला.

मार्डेल खुर्चीत पुढे सरकली. मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे.

“कुठे आहे?”

“मधोमध. बघ, एवढा मोठा.”

तिने पुन्हा मान वळवली. मी उजेड वाढवला. कमी केला. टीव्हीजवळ जाऊन त्याच्या अंगावरून बोट फिरवलं.

“बोट दिसतंय,” ती म्हणाली. “बाकी सगळं राखाडी आहे.” ती खुर्चीत मागे टेकली. मग फार मऊ आवाजात म्हणाली, “छान आहे, ऑर्विल. छान केलंस.”

यापेक्षा तिने पातेलं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं. तोइव्हो मगात बघू लागला. मी ती काच काढली आणि पाठमोरा होऊन दुसरा थेंब घेतला, केवळ माझं तोंड तिला दिसू नये म्हणून. तसंही ते तिला दिसत नव्हतंच. त्या घाईत खळ नीट मिसळली गेली नाही. पडद्यावर अर्धं दाट, अर्धं नुसतं पाणी. त्या पाण्यातून एकजण सुसाट निघाला. मी चिडून काच सरकवायला गेलो.

“थांब!” मार्डेल ओरडली.

मी थांबलो.

“हा काय! डावीकडून गेला.”

“तुला दिसला?”

“दिसला म्हणजे! हा बघ, खळीवर धडकला. मागे आला. जरासा वळला... निघाला पुन्हा! अरे, दुसरा आला.” ती खुर्चीच्या टोकाला आली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि आवाज थेट वर्गातला. “तोइव्हो, नीट बघ. धडकला की मागे सरतो, वाट जराशी बदलतो, पुन्हा जातो. त्याला पुढचं काही दिसत नाही. तरी जातो.”

“बघतोय, बाई,” तोइव्हो म्हणाला. तोही तिच्याच वर्गात बसल्यासारखा ताठ झाला होता.

“पण मी तर तुझ्यासाठी त्याला थांबवला होता,” मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी तक्रार होती हे मान्य करतो. सगळा सप्टेंबर त्यात गेला होता.

“बातम्यांची अक्षरं वाचावी लागतात रे. याला नुसतं बघायचंय. कडेच्या नजरेला थांबलेलं फार वेळ दिसत नाही, विरून जातं. हलतं तेच दिसतं.” पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, “तू खोलीत आलास की मला कळतं. मग त्या खुर्चीत गप्प बसतोस आणि हरवतोस.”

तिच्याजवळ तासन् तास अजिबात न हलता बसून राहणं, हीच आपल्या हातून होणारी मोठी सेवा, असं मी दोन वर्षं समजत होतो.

मी काच धुतली आणि बरणीतल्या नुसत्या पाण्याचा थेंब घेतला. सगळे धावत सुटले. पडदाभर नुसती धावपळ. मार्डेल कधी डावा, कधी उजवा दाखवत होती आणि तोइव्हो तिच्यामागून ‘गेला, गेला’ करत होता. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो आणि खुर्चीच्या हातावर पंजा हळूहळू हलवू लागलो. वर, खाली. वर, खाली.

बऱ्याच वेळाने तिने मान न वळवता माझा हात धरला.

“दिसतोयस, ऑर्विल,” ती म्हणाली. “आता जरा थांबव. मला यांच्याकडे बघू दे.”